बुडालेला रोज : सिडनीच्या रग्बी लीगचा पहिला मोसम

खेळ म्हणजे विरंगुळा, काम म्हणजे पोट, आणि या दोहोंचा एकमेकांशीं संबंध नसावा, असें सुखवस्तु माणसाला सहज वाटतें. ज्याचा पगार महिन्याच्या ठरल्या तारखेला हातीं पडतो, त्याचा पाय शनिवारीं मैदानावर मुरगळला तर सोमवारीं फार तर रजेचा अर्ज जातो. परंतु जो माणूस रोजावर काम करतो, त्याचा पाय मुरगळला म्हणजे घरांतील चूल पेटण्याचीच पंचाईत होते. खेळतांना मोडलेल्या हाडाचा खर्च कोणीं सोसावयाचा, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पण अशाच प्रश्नावरून इंग्लंडांत १८९५ सालीं एका खेळाचे दोन खेळ झाले. आणि बारा वर्षांनीं तोच प्रश्न समुद्रापार ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं उभा राहिला व त्यांतून १९०८ सालीं एक नवी क्लब-स्पर्धा जन्माला आली. त्या स्पर्धेचा वंश अद्यापि चालू आहे. तिचा पहिला मोसम पैशानें गरीब, प्रेक्षकांनीं विरळ आणि अडचणींनीं भरलेला होता. तरी पुढच्या शतकाचा पाया त्यानेंच घातला. म्हणूनच तो कसा पार पडला हें समजून घेण्यासारखें आहे.

भारतांत रग्बी हा खेळ क्रिकेट किंवा हॉकीइतका घरोघर पोंचलेला नाहीं. मुंबईंत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो पाहावयास मिळतो. आणि इंग्लंड व स्कॉटलंड हे देश ज्या चषकासाठीं झुंजतात तो ‘कलकत्ता कप’ तर कलकत्त्याच्या एका फुटबॉल क्लबानें १८७८ सालीं आपल्या शिलकेंतील चांदीचे रुपये वितळवून घडविला होता. तेव्हां या खेळाचें नांव भारताला अगदींच परकें नाहीं. खेळाचें स्वरूप थोडक्यांत असें : चेंडू लंबगोल असतो, तो हातीं घेऊन धांवतां येतें, परंतु हातानें पुढें फेकतां येत नाहीं, मागें किंवा बाजूलाच द्यावा लागतो. चेंडू घेऊन धांवणाऱ्याला विरुद्ध पक्षाच्या गड्यांनीं कवळ घालून जमिनीवर पाडावयाचें. हुतूतूंतील पकड ज्यांनीं पाहिली आहे त्यांना या क्षणाची कल्पना सहज येईल. फरक इतकाच, कीं येथें चढाई करणारा एकटा नसतो आणि तो लांबून भरधांव येतो. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकविला म्हणजे ‘ट्राय’ होतो. दोन उंच खांबांमधील आडव्या दांड्यावरून चेंडू लाथेनें उडविला म्हणजे ‘गोल’. असा खेळ खेळावयाचा म्हणजे खांदा निखळणें, बोट मोडणें हें ओघानेंच आलें.

इंग्लंडांतील रग्बी फुटबॉल युनियन ही मूळ संस्था १८७१ सालीं स्थापन झाली. तिचे चालक बहुधा मोठ्या खाजगी शाळांतून व विद्यापीठांतून शिकलेले होते. खेळाबद्दल एक कवडीहि घेणें म्हणजे खेळ बाटविणें, अशी त्यांची श्रद्धा. परंतु यॉर्कशायर व लँकेशायर या उत्तरेकडील परगण्यांत हाच खेळ खाणींतल्या व गिरण्यांतल्या कामगारांनीं उचलला होता. शनिवारीं दुपारपर्यंत काम असे. दूरच्या सामन्याला जावयाचें तर तेवढा रोज बुडे. क्लबांना ही भरपाई करण्याची मुभा असावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. १८९३ च्या सभेंत ती १३६ विरुद्ध २८२ मतांनीं फेटाळली गेली. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं ‘नॉर्दर्न युनियन’ ही स्वतंत्र संस्था काढली. बुडालेल्या दिवसाबद्दल खेळाडूला सहा शिलिंगपर्यंत भरपाई द्यावी, असें या संस्थेनें ठरविलें. म्हणजे बंड झालें तें धनासाठीं नव्हे, तर बुडालेल्या रोजासाठीं.

पण एकदां पैसा द्यावयाचा ठरला कीं तो कोठून तरी यावा लागतो, आणि तो येतो प्रेक्षकांच्या तिकिटांतून. म्हणून नव्या संस्थेनें खेळ अधिक मोकळा व वेगवान करण्याकडे लक्ष दिलें. चेंडू रेषेबाहेर गेल्यावर दोन्ही पक्षांनीं रांगा धरून तो झेलण्याची रीत १८९७ सालीं बंद झाली. १९०६ सालीं प्रत्येक पक्षांतील खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आली; आणि पकडलेल्या खेळाडूनें उठून उभें राहावें, चेंडू पायानें मागें सरकवावा व खेळ पुढें चालू ठेवावा, असा नियम झाला. त्यामुळें माणसांचा ढीग पडून खेळ थांबण्याचे प्रसंग कमी झाले. पुढें ज्याला ‘रग्बी लीग’ हें नांव मिळालें तो खेळ हाच. जुन्या खेळास त्याच्या संस्थेवरून ‘रग्बी युनियन’ म्हणूं लागले.

आतां सिडनीकडे वळावें. न्यू साउथ वेल्स प्रांताच्या या राजधानीची वस्ती १९०१ च्या शिरगणतींत सुमारें ४ लक्ष ८० हजार होती. बंदराच्या कांठीं आणि रेल्वेच्या आसपास कामगारांचीं दाट उपनगरें वसलीं होतीं. बालमेनला मॉर्टची गोदी होती. रेडफर्नच्या शेजारीं एव्हलीचे रेल्वेचे कारखाने होते. ग्लीब, न्यूटाउन येथें एकमेकांना खेटून बांधलेलीं लहान घरें होतीं. हिंवाळा म्हणजे तेथें जून ते ऑगस्ट हे महिने. आणि हिंवाळ्यांतील शनिवार म्हणजे रग्बी. जुलै १९०७ मध्यें न्यूझीलंडचा संघ न्यू साउथ वेल्सशीं खेळला तेव्हां सिडनीच्या क्रिकेट मैदानावर पन्नास हजारांहून अधिक लोक लोटले. शहरांतील दहा माणसांमागें जवळजवळ एक माणूस त्या दिवशीं मैदानावर असावा, असा तो जमाव होता. दारावर जमणारा पैसा सर्वांच्या डोळ्यांत भरत होता. परंतु खेळाडूला दौऱ्यावर असतांना हातखर्चास दिवसाला तीन शिलिंग, आणि जायबंदी झाल्यास सहानुभूति, यापलीकडे फारसें कांहीं मिळत नव्हतें.

याच साली अॅलेक बर्डन नांवाच्या नामांकित खेळाडूला खेळतांना गंभीर दुखापत झाली. कांहीं आठवडे त्याला कामावर जातां येईना. आणि प्रांतिक रग्बी युनियनकडून त्याला ना औषधपाण्याचा खर्च मिळाला, ना बुडालेला रोज. एका माणसाची ही हकीकत शहरभर चर्चेचा विषय झाली, याचें कारण काळांत शोधलें पाहिजे. त्याच वर्षीं, १९०७ च्या नोव्हेंबरांत, न्यायमूर्ति हिगिन्स यांनीं मेलबर्न येथें शेतीचीं यंत्रें बनविणाऱ्या एका कारखान्याच्या प्रकरणांत प्रसिद्ध निवाडा दिला : अकुशल कामगारालाहि बायको व मुलें यांच्यासह माणसासारखें जगतां येईल इतकी मजुरी मिळाली पाहिजे, आणि ती दिवसाला सात शिलिंगांपेक्षां कमी असतां कामा नये. श्रमाचें मोल काय, याचा विचार त्या देशांत न्यायालयापर्यंत पोंचला होता. अशा वातावरणांत खेळाडूच्या श्रमाचें मोल शून्य कां, असें लोकांनीं विचारलें तर नवल नव्हतें.

हा प्रश्न विचारणाऱ्यांची बैठक जमे ती एका दुकानांत. आणि तें दुकान होतें व्हिक्टर ट्रंपरचें. क्रिकेटच्या शौकिनांना हें नांव नव्यानें सांगावयास नको. १९०२ सालीं मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर कसोटी सामन्याच्या पहिल्याच दिवशीं जेवणाच्या सुट्टीपूर्वीं शतक पुरें करणारा हाच तो फलंदाज. सिडनींत त्याचें खेळाच्या सामानाचें दुकान होतें. तेथें जेम्स गिल्टिनन हा क्रिकेटच्या पंचाचें काम करणारा उद्योगी व धाडसी गृहस्थ येई. हेन्री हॉइल हा तिसरा. तो रेल्वे कामगारांचा पुढारी असून पूर्वीं विधिमंडळाचा सभासद होता. एकाजवळ लौकिक, दुसऱ्याजवळ धाडस, तिसऱ्याजवळ वक्तृत्व व संघटनेचा अनुभव, असा हा योग जुळला होता.

संधि चालून आली ती न्यूझीलंडकडून. वेलिंग्टनच्या टपाल खात्यांतील आल्बर्ट बास्करव्हिल या तरुण कारकुनानें इंग्लंडांत जाऊन नॉर्दर्न युनियनच्या क्लबांशीं खेळण्यासाठीं एक स्वतंत्र संघ जमविला होता. न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ या अधिकृत संघाच्या नांवावर कोटी करून वर्तमानपत्रांनीं या मंडळींना ‘ऑल गोल्ड्स’ म्हणून हिणवलें. जणुं सोन्यासाठींच ते निघाले होते. हा संघ वाटेंत सिडनीला थांबून तीन सामने खेळेल, असें गिल्टिनननें ठरविलें. ८ ऑगस्ट १९०७ रोजीं जॉर्ज रस्त्यावरील बेटमन यांच्या क्रिस्टल हॉटेलांत सभा भरली आणि ‘न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग’ स्थापन झाली. हॉइल अध्यक्ष, गिल्टिनन चिटणीस आणि ट्रंपर खजिनदार झाला.

नव्या संस्थेला एका मोठ्या नांवाची गरज होती, आणि तें नांव म्हणजे डॅली मेसेंजर. बालमेनमध्यें १८८३ सालीं जन्मलेला हा तरुण नावा बांधणाऱ्या कुटुंबांतला. धांवणें, हुलकावणी देणें आणि दूरवरून अचूक लाथ मारून गोल करणें, यांत त्याचा हात धरणारा त्या वेळीं शहरांत कोणी नव्हता. त्याचें मन वळविण्यापूर्वीं गिल्टिननला त्याच्या आईची संमति मिळवावी लागली, असें सांगतात. आणि तें स्वाभाविकहि होतें, कारण या पावलाचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. जो लीगकडे गेला त्याला रग्बी युनियनचे दरवाजे जन्माचे बंद. मेसेंजर गेला. १७ ऑगस्ट १९०७ रोजीं पहिला सामना झाला, तेव्हां सुमारें २० हजार प्रेक्षक आले. गमतीची गोष्ट अशी, कीं नॉर्दर्न युनियनच्या नव्या नियमांची ओळख नसल्यामुळें बंडखोरांचे हे तिन्ही सामने जुन्याच नियमांनीं खेळले गेले. न्यूझीलंडनें तिन्ही जिंकले. पण पेटींत पैसा जमला. मेसेंजर पाहुण्यांबरोबरच इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यांत संघातर्फे सर्वांत अधिक गुण त्यानेंच मिळविले.

तीन सामन्यांची गर्दी ही जत्रेची गर्दी होय. ती आली तशी पांगते. स्पर्धा चालवावयाची तर दर शनिवारीं येणारा, एका बाजूचा अभिमान बाळगणारा प्रेक्षक हवा. हें ओळखून लीगच्या चालकांनीं १९०८ च्या आरंभीं उपनगरांकडे मोर्चा वळविला. ९ जानेवारीला ग्लीबच्या नगरभवनांत सभा होऊन ग्लीब क्लब निघाला, १७ तारखेला रेडफर्नच्या नगरभवनांत साउथ सिडनी, २३ला बालमेन, २४ला पॅडिंग्टन येथें ईस्टर्न सबर्ब्स, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत वेस्टर्न सबर्ब्स आणि नॉर्थ सिडनी. न्यूटाउनचा क्लबहि याच सुमारास उभा राहिला. शहराबाहेरील न्यूकॅसल या कोळशाच्या बंदराचा संघ दाखल झाला आणि शेवटीं पश्चिमेकडील कंबरलँड घाईघाईनें सामील झाला. असे एकूण नऊ क्लब झाले.

या क्लबांच्या घडणींत एक गोष्ट फार महत्त्वाची होती. खेळाडूनें ज्या विभागांत राहावयाचें त्याच विभागाच्या संघांतून खेळावयाचें, असा निर्बंध होता. हा विभागवार पायंडा जुन्या युनियननेंच शहरांत पाडलेला; लीगनें तो तसाच उचलला. त्यामुळें शनिवारीं मैदानावर उतरणारा गडी हा शेजारच्या गल्लींतला, सोमवारीं त्याच गोदींत वा कारखान्यांत भेटणारा असे. साउथ सिडनीच्या संघाला ‘रॅबिटो’ म्हणजे ससे विकणारे हें टोपणनांव पडलें. त्यांचे कांहीं खेळाडू शनिवारीं सकाळीं दारोदार सशांचें मांस विकून दुपारीं सामन्याला येत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लोकांना ती खरी वाटावी यांतच त्या क्लबाची ओळख साठविलेली आहे. लाल-हिरवा म्हणजे साउथ सिडनी, काळा-सोनेरी म्हणजे बालमेन, निळा म्हणजे न्यूटाउन, असें समीकरण लवकरच लहान मुलांच्याहि तोंडीं बसलें.

पहिली फेरी सोमवार, २० एप्रिल १९०८ रोजीं, ईस्टरच्या सुट्टींत झाली. दोन मैदानांवर दोन दोन सामने ठेवले होते. वेंटवर्थ पार्कवर ईस्टर्न सबर्ब्सनें न्यूटाउनला ३२-१६ असें हरविलें आणि ग्लीबनें न्यूकॅसलवर ८-५ अशी निसटती मात केली. बर्चग्रोव्हच्या मैदानावर साउथ सिडनीनें नॉर्थ सिडनीवर ११-७ असा विजय मिळविला, आणि बालमेननें वेस्टर्न सबर्ब्सला २४-० असें कोरडेंच परत पाठविलें. संघ नऊ असल्यामुळें एकाला विश्रांति भागच होती. ती पहिल्या फेरींत कंबरलँडला मिळाली. ट्रायला तीन गुण आणि गोलाला दोन, हा त्या काळचा हिशेब. नियम नवे, पंच नवे, आणि अंगवळणीं पडलेल्या जुन्या खेळाच्या संवयी मात्र जात नव्हत्या. पकडल्यावर उठून चेंडू मागें सरकवावयाचा, हें खेळाडूंना सामन्यांतच शिकावें लागलें.

त्या मोसमांत अडचणींना तोटा नव्हता. क्रिकेटचें मोठें मैदान जुन्या युनियनच्या हातीं होतें. लीगला कृषि-प्रदर्शनाचें मैदान आणि उपनगरांतील लहान पटांगणें यांवर भागवावें लागलें. बंदरावरील प्रसिद्ध पूल १९३२ सालीं खुला झाला. तेव्हां १९०८ मध्यें नॉर्थ सिडनीच्या लोकांना शहराकडे यावयाचें तर नावेनें यावें लागे. त्यांतच मोसमाच्या मध्यभागीं इंग्लंडहून परतलेला न्यूझीलंडचा संघ येऊन थडकला. ९ मे रोजीं सिडनींत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यामध्यें नव्या खेळाचा पहिला कसोटी सामना झाला आणि न्यूझीलंडनें तो ११-१० असा एका गुणानें जिंकला. याच दौऱ्यांत एक दुःखद घटना घडली. संघाचा संयोजक बास्करव्हिल न्यूमोनियानें आजारी पडला आणि २० मे रोजीं ब्रिस्बेन येथें मरण पावला. त्याचें वय अवघें पंचवीस वर्षांचें. पुढच्या महिन्यांत वेलिंग्टन येथें त्याच्या आईच्या मदतीसाठीं एक सामना भरविण्यांत आला, आणि न्यूझीलंडच्या भूमीवर नव्या नियमांनीं झालेला पहिला सामना तोच ठरला. सोन्यासाठीं निघालेले म्हणून ज्यांची टवाळी झाली, त्यांनीं आपल्या देशांत या खेळाचा मुहूर्त एका माउलीच्या मदतीनें केला, हें विसरण्यासारखें नाहीं.

क्लबांची साखळी ऑगस्टमध्यें संपली. साउथ सिडनी, ईस्टर्न सबर्ब्स, ग्लीब आणि नॉर्थ सिडनी हे पहिले चार संघ पुढें गेले, आणि अंतिम सामना साउथ सिडनी व ईस्टर्न सबर्ब्स यांच्यांत ठरला. पण तोपर्यंत स्पर्धेचे खांब असलेले कित्येक खेळाडू शहरांत नव्हतेच. गिल्टिनननें ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ, म्हणजे ‘कांगारू’ संघ, इंग्लंडला न्यावयाचें ठरविलें होतें. आणि त्यांचें जहाज अंतिम सामन्यापूर्वींच बंदरांतून निघालें. ईस्टर्न सबर्ब्सचा मेसेंजर गेला, साउथ सिडनीचा आर्थर हेनेसी गेला. उरलेल्यांनीं २९ ऑगस्ट १९०८ रोजीं कृषि-प्रदर्शनाच्या मैदानावर सामना खेळला. प्रेक्षक सुमारें चार हजार. साउथ सिडनीनें १४-१२ असा विजय मिळविला आणि पहिलें विजेतेपद पटकाविलें.

वर्षापूर्वीं पन्नास हजार, आणि आतां विजेतेपदाच्या सामन्याला चार हजार! त्या सायंकाळीं एखाद्या व्यवहारी माणसानें हा उद्योग बुडीत खात्यांत टाकला असता तर त्याला दोष देतां आला नसता. दूरदेशीं गेलेल्या संघाची स्थिति तर याहून बिकट झाली. इंग्लंडांत तो हिंवाळा वाईट गेला; शिवाय लँकेशायरच्या कापड गिरण्यांत १९०८ च्या शरदांत कामबंदी झाली होती, आणि ज्या कामगारांच्या तिकिटांवर दौऱ्याची भिस्त त्यांच्याच हातीं पैसा नव्हता. १२ डिसेंबर रोजीं लंडनमधील पहिला कसोटी सामना २२-२२ असा बरोबरीनें सुटला. तो पाहावयास सुमारें दोन हजार माणसें होतीं. दौऱ्याच्या अखेरीस खेळाडूंपाशीं परतीच्या भाड्यापुरतेहि पैसे उरले नाहींत आणि नॉर्दर्न युनियनला त्यांची सोय करावी लागली. कांहीं जण तेथेंच राहिले. त्यांपैकीं ईस्टर्न सबर्ब्सच्या आल्बर्ट रोझेनफेल्डनें हडर्सफील्डकडून १९१३-१४ च्या एका मोसमांत ८० ट्राय करून विक्रम केला. गिल्टिनन मात्र कर्जांत बुडाला. इकडे सिडनींत क्लबांच्या प्रतिनिधींमध्यें पैशाच्या व्यवस्थेविषयीं असंतोष माजला होता. १९०९ च्या आरंभीं हॉइल, गिल्टिनन आणि ट्रंपर या तिघांनाहि अधिकारपदें सोडावीं लागलीं. ज्यांनीं झाड लावलें त्यांच्या पदरांत पहिलें फळ हें पडलें.

मग ही संस्था तगली कशी? त्याचीं कारणें दोन. एक, क्लब पक्के होते. वरचे चालक बदलले तरी रेडफर्नच्या, ग्लीबच्या, बालमेनच्या लोकांना आपला संघ हवाच होता. तो कोणाच्या मालकीचा नव्हता, वस्तीचा होता. दुसरें कारण पैशाचें. सप्टेंबर १९०९ मध्यें जेम्स जॉइंटन स्मिथ या धनिक हॉटेलवाल्याच्या पाठबळानें लीगनें रग्बी युनियनच्या ‘वॉलबीज्’ संघांतील चौदा खेळाडू आपल्याकडे वळविले. हा तोच संघ, ज्यानें १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें होतें. ‘कांगारू’ विरुद्ध ‘वॉलबीज्’ असे सामने लागले आणि लोक पुन्हां लोटले. त्यानंतर एक-दोन वर्षांतच सिडनीच्या हिंवाळ्याचा मुख्य खेळ कोणता, या प्रश्नाचा निकाल लीगच्या बाजूनें लागला.

परंतु या विजयाची दुसरी बाजूहि नोंदविली पाहिजे. त्या सप्टेंबरांत क्लबांचा अंतिम सामना या मोठ्या सामन्याआधींचा किरकोळ कार्यक्रम म्हणून ठेवण्यांत आला. हा आपला अपमान आहे, असें म्हणून बालमेनचा संघ मैदानांत उतरलाच नाहीं. साउथ सिडनीनें समोर कोणी नसतांना चेंडू उडविला, रेषेपलीकडे नेऊन टेकविला आणि सलग दुसरें विजेतेपद घेतलें. खेळाडूच्या मानासाठीं निघालेल्या संस्थेला दुसऱ्याच वर्षीं प्रेक्षकाच्या पैशापुढें मान वांकवावी लागली. पैसा हा नोकर म्हणून घरांत येतो आणि बसतां बसतां धनी होतो, याचा हा धडा होता.

हा धडा पुढें शंभर वर्षें पुन्हां पुन्हां गिरविला गेला. १९०८ च्या नऊ क्लबांपैकीं कंबरलँड एका मोसमांतच संपला; न्यूकॅसलनें १९०९ नंतर रजा घेतली; बर्डनचा ग्लीब १९२९ नंतर वगळला गेला; न्यूटाउन १९८३ पर्यंत आणि नॉर्थ सिडनी १९९९ पर्यंत वरिष्ठ स्पर्धेंत टिकले. २००० सालच्या मोसमापासून बालमेन व वेस्टर्न सबर्ब्स एकत्र होऊन एकच संघ झाला. पहिला अंतिम सामना खेळलेले दोन क्लब तेवढे आपापल्या पायांवर उभे राहिले. ईस्टर्न सबर्ब्स आतां ‘सिडनी रूस्टर्स’ या नांवानें खेळतो. साउथ सिडनीला मात्र १९९९ च्या अखेरीस स्पर्धेबाहेर काढण्यांत आलें होतें. तेव्हां त्याचे हजारों चाहते लाल-हिरवे झेंडे घेऊन रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २००२ सालीं क्लब परत आला. २०१४ सालीं त्यानें पुन्हां विजेतेपद मिळविलें. रेडफर्नच्या नगरभवनांत १९०८ सालीं जमलेल्या लोकांनीं कोणती गोष्ट निर्माण केली होती, हें त्या मोर्च्यांवरून कळून आलें.

आणि मूळ प्रश्नाचें काय झालें? ज्या रग्बी युनियननें बुडालेल्या रोजाची भरपाई पाप मानली आणि तो घेणाऱ्याला जन्माचा बहिष्कार घातला, तिच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २६ ऑगस्ट १९९५ रोजीं पॅरिस येथें खेळाडूंना पैसे घेण्याची उघड मुभा दिली. हडर्सफील्डच्या सभेला शंभर वर्षें पूर्ण होण्यास तेव्हां तीन दिवस कमी होते. ट्रंपर १९१५ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, आणि मेसेंजर १९५९ सालीं वारला. तो निर्णय पाहावयास त्यांच्यापैकीं कोणी उरलें नव्हतें. अॅलेक बर्डननें कांहीं मोठें मागितलें नव्हतें. काम बंद पडलें त्या दिवसांचा रोज आणि औषधपाण्याचा खर्च, एवढीच ती बाब. ती वेळीं मिळाली असती तर सिडनींत कदाचित् दुसरा खेळ उभाच राहिला नसता. ती नाकारली गेली, म्हणून एका दुकानांत चार माणसें बोलूं लागलीं, नगरभवनांत सभा भरल्या, आणि एका शहराच्या शनिवारचें रूप कायमचें पालटलें.